उदारपणा नावाचं लक्षण

प्रिय हवालदारीणबाई,

पत्र पाहून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो. मी बरा आहे, घर जागेवर आहे, दुकान चालू आहे, आणि हे लिहायला बसण्याआधी मी साखर तपासली आहे. जिथे असायला हवी तिथेच आहे. आकडा मुद्दामच लिहीत नाही. आकडा दिसला की तू पुढचं वाचणार नाहीस, पत्राची घडी घालशील आणि फोन करून विचारशील की दुपारी काय जेवलास. तेव्हा एवढंच धरून चाल की खाली जे काही आहे ते मीच लिहिलं आहे, भरल्या पोटी, भर दुपारी, दुकानातल्या मागच्या टेबलावर. समोर एका शिंपीणबाईंचं शिलाई मशीन उघडून पडलं आहे. त्याचे टाके सुटतात आणि बाई संध्याकाळी ते न्यायला येणार आहेत, तरी ते बाजूला सारून मी लिहितो आहे. यावरून काय ते समज.

फोनवर का नाही बोललास, असं म्हणशील. आपण फोनवर कसं बोलतो ते आठव. तू फोन उचलतेस आणि 'हॅलो'च्या जागी म्हणतेस, "किती?" मी आकडा सांगतो. आकडा बरा असला तर सुस्कारा, नसला तर उलटतपासणी. मग तुझी भिजलेली पुस्तकं आणि माझी गिऱ्हाइकं दोन-दोन वाक्यांत उरकली जातात आणि शेवटी पुन्हा इंजेक्शनची आठवण. त्या मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं, आपल्या इथल्या वाचनालयातून तुला पुस्तकं वाचवायला तीन महिन्यांसाठी बोलावून नेलं, तेव्हापासून आपण रोज बोलतो. आणि तुझ्या खोलीची खिडकी रस्त्याकडे उघडते की अंगणाकडे, हे मला माहीत नाही. तू काय खातेस, कुणाबरोबर खातेस, पाठ दुखते का, काही माहीत नाही. माझ्या रक्तात मात्र काय चाललंय ते तुला रोजच्या रोज कळतं.

ती बातमीसुद्धा तू अशीच आकड्याच्या मागून सांगितलीस. "अरे हो, इथले लोक मला कायमचं राहा म्हणतायत, दुरुस्ती विभाग सांभाळायला. महिनाअखेर कळवायचंय, पण मी नाहीच म्हणणार आहे. आणि रात्रीचं इंजेक्शन विसरू नकोस." एका दमात. घरातलं दूध संपलंय हे सांगताना तू याहून जास्त वेळ घेतेस. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर एका मशीनची बॉबिन केस मी तीनदा उलटी बसवली.

भीती वाटते, हे एकदा लिहूनच टाकतो. तू गेलीस त्या दिवसापासून वाटते. बाथरूमला कडी लावत नाही. आंघोळ करताना मोठमोठ्याने गातो, ते आनंदाने नव्हे, तर गाणं मध्येच थांबलं तर वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना कळावं म्हणून. ते म्हणतात, गाणं चालू असतानाच जास्त काळजी वाटते. शर्ट, कोट, दुकानातला ऍप्रन, जिथे खिसा असेल तिथे साखरेच्या वड्या भरून ठेवल्या आहेत, आणि मुंग्यांनी माझ्या कोटात संसार थाटला आहे. रस्ता ओलांडण्याआधी मी स्वतःची तोंडी परीक्षा घेतो: आज वार कोणता, बायकोचं नाव काय, दुकानाला कुलूप लावलं का. उत्तरं बरोबर आली की मगच पलीकडे जातो. हसू नकोस. सगळ्यात वाईट काय, तर घाबरलं की घाम येतो, छाती धडधडते, हात कापतात. आणि साखर उतरली की घाम येतो, छाती धडधडते, हात कापतात. आता यातलं कुठलं कुठलं, हे कसं ओळखायचं? बोटाला सुई टोचून बघावं, तर सुई हातात घेतानाच छाती धडधडते. कधी कधी दिवसभर मी स्वतःच्याच मागावर असतो.

आता तुला पाठ असलेलीच एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण माझ्या बाजूने ती कधी सांगून झाली नाही. साखर उतरली की कुणी चिडतं, कुणी रडतं, कुणाची जीभ जड होते. मी उदार होतो. हा आजार मागे लागून जेमतेम काही महिने झाले होते, तेव्हा तुझ्या आईचं मशीन मी दुकानात आलेल्या एका अनोळखी बाईला "घेऊन जा, तुमच्याच हातात शोभेल" म्हणून देऊन टाकलं. तुला ते परत आणायला जावं लागलं, आणि त्या माउलीने तोवर त्यावर दोन झगे शिवले होते. मग तुझ्या भावाला मी जेवणाआधी सांगून बसलो की त्याचं अख्खं घर मी रंगवून देतो. जेवणानंतर शुद्धीवर आलो, पण शब्द फिरवायची लाज वाटली, आणि सबंध उन्हाळा शिडीवर काढला. तुझा भाऊ अजून म्हणतो, दाजींसारखा माणूस नाही. तो दाजी कुठल्या अवस्थेत बोलला होता हे आपण त्याला कधीच सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

तेव्हापासून तू कानाला खडा लावलास. मी जरा मोठ्या मनाचं काही बोललो की म्हणायचीस, "कर्ण आला वाटतं," आणि रसाचा पेला पुढे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. पण त्याचा परिणाम काय झाला बघ. तुझ्या वाढदिवसाला मी तो निळा कोट आणला, तर खोका उघडण्याआधी तू मला बोट पुढे करायला लावलंस. त्या दिवशी साखर उत्तम होती. कोट मला नुसता आवडला होता, आणि तुझ्या अंगावर तो कसा दिसेल याचा मी दुकानाच्या काचेसमोर उभा राहून बराच वेळ विचार केला होता. मी चिडलो तर ते माझं चिडणं असतं, मी कंजूषपणा केला तर तो माझा स्वभाव असतो, आणि चुकून काही चांगलं वागलो तर ते लक्षण असतं. वीस वर्षांत माझ्या एकाही चांगुलपणाचं श्रेय मला मिळालेलं नाही. मला याचा रागही येतो. साखर ठीक असताना येतो.

तर ती बातमी कळल्यावर दोन दिवसांनी, संध्याकाळी, मी तुला फोन केला आणि एक वाक्य बोललो. ते वाक्य तुला आठवत असेल. तू म्हणालीस, "तिथेच बस, हलू नकोस," आणि फोन बंद. मिनिटभरात जिना दणदणला. मास्तर जन्मभर शाळेत कवायत शिकवत आले, त्यामुळे हुकूम कसा पाळावा हे त्यांना सांगावं लागत नाही. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, एका हातात आपल्या घराची किल्ली, दुसऱ्या हातात रसाची बाटली. मी म्हणालो, मास्तर, मी ठणठणीत आहे, बसा, चहा टाकतो. झालं! तू त्यांना बजावून ठेवलं होतंस की हा जितका गोड बोलेल तितका धोका जास्त. मी जितकं समजावून सांगू लागलो तितकी त्यांची खात्री पटत गेली. 'आधी रस, मग प्रश्न' हा तुझाच नियम. दोन पेले प्यायलो तेव्हा सुटका झाली. मग त्यांनी तपासली, आणि अर्थातच ती आभाळाला टेकलेली होती. त्यावर तू फोनवर काय म्हणालीस? "दोन पेले पाजले म्हणून चढली. म्हणजे आधी उतरलेलीच असणार." यावर कुठला वकील काय बोलणार? पुढचे कितीतरी तास मी पाणी पीत आणि डोकं धरून काढले, आणि मास्तर शेजारी खुर्ची टाकून मला दीर्घ श्वसन शिकवत बसले. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हा चढलेला आकडा कशाने, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळी कथा सांगावी लागली. त्या हसल्या, पण मग म्हणाल्या, शनिवारी मागच्या खोलीत या, तिथे तुमच्यासारखे लोक भेटतात. मला वाटलं, आहार आणि व्यायाम यांवर भाषण असेल. तसं काही नव्हतं. औषधांच्या खोक्यांच्या मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि त्यांवर आम्ही. एक टॅक्सीवाला आहे. बायको काळजी करते म्हणून तो तिला खरं सांगत नाही, आणि खरं सांगत नाही म्हणून ती जास्त काळजी करते. एक शाळेतली शिक्षिका आहे. ती इंजेक्शन टोचून घ्यायचाच कंटाळा आलाय म्हणाली आणि रडली. कुणी तिला उपदेश केला नाही, आम्ही सगळे नुसते माना हलवत होतो, कारण तो कंटाळा प्रत्येकाच्या ओळखीचा होता. आणि एक आजीबाई आहेत, अस्सल. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात मला भांडायचीच सोय राहिली नव्हती. सुनेला एक शब्द बोलले की सगळे माझं बोट धरायला धावायचे. आता मी काय करते, आधी तपासते, आकडा घरभर फिरून दाखवते, आणि मग पदर खोचून भांडते." खोली हसली. मीही हसलो. या पत्राची सुरुवात कुठून उचलली ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता जे सांगणार आहे ते फोनवर सांगितलं असतं तर तू मिळेल ती गाडी पकडून निघाली असतीस. परवा दुकानात माझी साखर उतरली. जेवण लांबलं होतं, एका मशीनचा पट्टा बसत नव्हता, आणि याच शिंपीणबाई समोर उभ्या होत्या. काचेमागचं ते काळं मशीन आहे ना, जे मी कितीतरी महिने खपून नवंकोरं केलं आणि कुणालाही विकत नाही, ते मी उचललं होतं. हातात होतं. आणि मी म्हणत होतो, "ताई, हे तुम्ही न्या." बाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा तो चेहरा बघितला आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला. कर्ण आला, असं मी मनात म्हणालो. मशीन खाली ठेवलं. कसं ठेवलं ते आठवत नाही, पण ते फुटलेलं नाही. मग बाईंना म्हणालो, माझी साखर उतरली आहे, पाच-दहा मिनिटं इथेच बसता का. खिशातल्या वड्या मुंग्यांसकट तोंडात टाकल्या आणि जमिनीवर बसकण मारली. हात असे कापत होते की साखर तपासायच्या यंत्रावर रक्ताचा थेंब पडेना. बाई स्टुलावर बसल्या आणि मला काही न विचारता आपल्या सुटणाऱ्या टाक्यांबद्दल बोलत राहिल्या, वाटेल ते, माझे हात थांबेपर्यंत. उतरलेली होती, बरीच. थोड्या वेळाने पुन्हा तपासली, वर आली होती. मग मी डबा खाल्ला, बाईंना जाऊ दिलं, दार ओढून घेतलं आणि रडलो. घाबरून रडलो, यात शौर्य काही नव्हतं. पण गेल्या वीस वर्षांत त्या कर्णाला मी पहिल्यांदाच एकट्याने ओळखलं होतं, तू सांगितल्याशिवाय.

हे लिहिता लिहिता तळहाताला घाम सुटला. उठून तपासली. ठीक आहे, नुसती भीतीच होती. एक बिस्किट खाल्लं, ते भीतीसाठी.

तू म्हणशील, एकदा जमलं म्हणून रोज जमेल कशावरून? जमेलच असं नाही. हमी माझ्याकडे नाही. पण तू इथे डोळ्यांत तेल घालून बसायचीस तेव्हाही ती नव्हती. तू शेजारच्या खोलीत असतानाच मी एकदा स्वयंपाकघरात कोसळलो होतो. फक्त तेव्हा दोघंही घाबरलेले असायचो आणि दोघंही धीट असल्याचं सोंग करायचो, आणि त्यात आपले नाकी नऊ यायचे. आता मास्तरांकडे किल्ली आहे आणि मी त्यांना सांगून ठेवलंय की आधी तपासायचं, मग रस. शिंपीणबाईंना लक्षण माहीत झालंय. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मशीन घेऊनच जाईन. शनिवारी ती खोली आहे. आणि माझी भीती आहे, ती कुठे जाणार नाही. तिला बरोबर घेऊनच मी दुकान उघडतो, बंद करतो, रस्ता ओलांडतो. पुष्कळ कामं होतात.

आता मूळ गोष्ट. त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तू तो उचललास, पण कानाला लावला नव्हतास. तू कुणाशी तरी बोलत होतीस, बहुतेक कुठल्याशा पुस्तकाच्या चिकटलेल्या पानांबद्दल, आणि हसत होतीस. ओठातल्या ओठात नव्हे. खो खो, श्वास लागेपर्यंत, मधेच "थांबा, थांबा" म्हणत. मग फोन कानाला लावलास आणि पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणालीस, "किती?" मी दुपारचा आकडा सांगितला, पण माझं लक्ष त्यात नव्हतं. तुझं हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं ते मी आठवत होतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं, मी आजारी पडायच्या आधी. म्हणून मी ते वाक्य बोललो आणि तू मास्तरांना पाठवलंस. ते आता इथे लिहितो: ती नोकरी घे. हे मला अजिबात सोपं जात नाहीये, आणि तू 'नाहीच म्हणणार' म्हणालीस तेव्हा मला आधी आनंद झाला होता, हेही खरं आहे. दुकान गुंडाळून मी तिकडे यायचं का, ते पुढे बघू. तू बोलावशील तेव्हा येईन. पण लगेच नको, कारण मी आलो की तू पुन्हा कामावर रुजू होशील, आणि ते काम ग्रंथालयातलं नसेल. महिनाअखेरीची वाट बघू नकोस. उद्याच जाऊन हो म्हणून ये, आणि मग मला सांग, त्या पुस्तकाच्या पानांत एवढं हसण्यासारखं काय होतं.

तुझाच,
इकडची स्वारी